घारापुरीला किती वेळ लागतो?

गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली होती. चिठ्ठीत एकच ओळ होती: 'घारापुरी पाहायला किती वेळ लागतो?' बाळापूरकराचा प्रश्न आहे, सरळ आहे. लेकाकडे नाहीतर लेकीकडे मुंबईला जाणं होतं, दोन-चार दिवस मोकळे मिळतात, त्यात काय काय बसवता येईल याचा हिशेब माणूस करतोच. प्रवासी कंपनीला विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: अर्धा दिवस. जाताना तास, येताना तास, वर तास-दीड तास. आम्हाला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगता सांगता आजचा वेळ जाणार आहे, तेव्हा जरा सैल बसा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नऊ जण गेलो होतो. सगळे निवृत्त. दोघांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, बाकीच्यांची व्हायची. (हशा) शेगावला रात्री गाडीत बसलो आणि सकाळी मुंबईत उतरलो. हाताशी पाच दिवस होते. निघायच्या आधी एका एजंटानं आम्हाला कागद दाखवला होता, पाच दिवसांत चौदा स्थळं. आम्ही त्यातली दोनच ठेवली: घारापुरीचं बेट, आणि खाडीपलीकडे अलिबागचा किनारा, कुलाबा किल्ल्यासकट. आमच्यातले एक भाऊ म्हणाले, "सर, येवढा खर्च करून दोनच जागा? लोकं काय म्हनतीन?" हा प्रश्न आम्ही टाळला नाही, कारण तो खरा प्रश्न आहे. सत्तरीनंतर आणखी किती प्रवास होणार, हे कोणी लिहून देत नाही. मग जे उरलं आहे त्यात जास्तीत जास्त पाहून घ्यावं, की थोडंच पाहावं पण नीट? आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. पण नुसतं 'आम्हाला आवडतं' म्हणून भागत नाही, कारण द्यावं लागतं.

पहिलं कारण पाण्याचं आहे. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं. खारं पाणी आपल्याला विहिरीत भेटतं, बोअरला भेटतं, आणि नकोसं भेटतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या माणसाला पाणी खारं लागलं की त्याच्या मनात शेती येते, किडनी येते, टँकर येतो. त्यामुळे गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर उभं राहून, नजर जाईल तिथवर खारं पाणी पाहून कोणाला नुसता आनंद होत असेल, पण वऱ्हाडातल्या माणसाला थोडं दचकायला होतं. आमच्यातल्या एका काकूंनी ओंजळीत घेऊन चव पाहिली आणि म्हणाल्या, "आपल्या विहिरीपेक्षा जास्तच हाय बाप्पा." त्या दचकण्याला वेळ द्यावा लागतो. लाँच साधारण तासभर चालते, अंतर दहा-अकरा किलोमीटर. हा तास बहुतेक लोक फोटोत घालवतात. आमचं म्हणणं असं आहे की देवळाची सुरुवात त्या तासात होते.

हे जरा उकलून सांगितलं पाहिजे. 'तीर्थ' हा शब्द घ्या. 'तॄ' हा धातू, अर्थ ओलांडणं, तरून जाणं. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, जिथून पलीकडे जाता येतं ती जागा. पावित्र्य नंतर आलं, आधी ओलांडणं होतं. आपल्याकडे बघा ना. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं काम सुरू केलं आणि १७५७ मध्ये एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानानं ते पुरं केलं, हे आपण सगळेच जाणतो. जुन्या गॅझेटियरमध्ये लिहिलं आहे की पुराच्या दिवसांत एक वाट सोडली तर किल्ल्याभोवती पाणीच असतं. म्हणजे वर्षातले काही दिवस आपल्याकडेही बेट तयार होतं, आणि त्याच्या पायथ्याशी बाळादेवी आहे, जिच्यावरून गावाचं नाव पडलं. पूल नव्हते तेव्हा पुरातून देवीला जायचं म्हणजे थांबावं लागे, पाण्याचा अंदाज घ्यावा लागे. पाणी माणसाला विचारायला लावतं. रस्ता तसं करत नाही.

आणि ओलांडणं ही नुसती उपमा नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं बुडाली, हे आपण टीव्हीवर पाहिलं. आम्ही गेलो तेव्हा प्रत्येकाच्या अंगात जॅकेट होतं, कोणी कुरकुर केली नाही.

आता बेट. पोर्तुगीजांना १५३४ मध्ये हा मुलूख मिळाला. धक्क्याजवळ एक मोठा दगडी हत्ती उभा होता, त्यावरून त्यांनी नाव ठेवलं एलिफंटा. स्थानिक नाव घारापुरी, तेच आपण वापरू. हत्तीची गोष्ट मोठी मजेची आहे. इंग्रजांच्या काळात, १८६४ मध्ये, तो उचलून न्यायचा प्रयत्न झाला. हत्ती फुटला. तुकडे मुंबईला राणीच्या बागेत नेऊन ठेवले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आजही तो भायखळ्याला आहे. म्हणजे एलिफंटाला जाऊन हत्ती दिसत नाही. हत्ती पाहायचा तर बेटावरून परत यावं लागतं.

धक्क्यावरून छोटी गाडी पायऱ्यांपर्यंत नेते. पुढे साधारण १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि माकडं. हातात पाण्याची बाटली दिसली की ती गेलीच समजा. चढवत नसेल तर खुर्चीची डोली मिळते, आमच्यातल्या दोघांनी घेतली. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वर मुख्य लेणं. सहाव्या शतकाच्या मध्याचं, असं बहुतेक अभ्यासक धरतात. आत शिरल्यावर समोर, दूरच्या भिंतीवर, अठरा-वीस फूट उंचीची ती प्रचंड मूर्ती दिसते. लोक तडक तिच्यापुढे जातात, फोटो काढतात, 'ब्रह्मा-विष्णू-महेश' म्हणतात आणि वळतात. इथेच अर्ध्या दिवसाचा हिशेब चुकतो.

एक तर ती त्रिमूर्ती नव्हे. तो सदाशिव आहे. तिन्ही मुखं शिवाचीच. मधलं शांत मुख तत्पुरुष. आपल्या डाव्या हाताचं, मिशा असलेलं, कपाळाला आठ्या असलेलं मुख अघोर म्हणजे भैरव. उजव्या हाताचं, कोमल, हाती कमळ घेतलेलं मुख वामदेव, म्हणजे उमेचं रूप. चौथं सद्योजात मागे आहे, ते खडकातच राहिलं. पाचवं ईशान वर आहे, ते दाखवायचंच नसतं. शैवांची ही पंचमुखी कल्पना ज्याला ठाऊक नाही त्याला तीन मुखं दिसतात आणि तो ओळखीची तीन नावं देऊन मोकळा होतो. आम्ही याला चूक म्हणण्यापेक्षा घाई म्हणू.

दुसरं म्हणजे, आपण आत शिरतो ते उत्तरेकडून. पण लिंगाचा गाभारा लेण्याच्या पश्चिम भागात आहे, चारी बाजूंना दारं असलेला, दारांशी उंच द्वारपाल. त्या गाभाऱ्याकडे पूर्वेकडून सरळ वाट येते. म्हणजे या लेण्याला दोन आस आहेत. एक पूर्व-पश्चिम, ती लिंगाकडे जाते, पूजेची. दुसरी उत्तर-दक्षिण, ती सदाशिवाकडे जाते. आज लाँचनं येणारा माणूस फक्त दुसरीवरून चालतो. पूर्वेच्या अंगणात जाऊन उभे राहा, तिथून पुन्हा आत या, आणि लिंगाला प्रदक्षिणा घाला. मग शिल्पं वेगळी बोलायला लागतात. ती जोड्यांनी मांडलेली आहेत. उत्तरेच्या तोंडाशी एकीकडे नाचणारा शिव, समोर योगात बसलेला शिव. त्या योगीश्वराला पुष्कळ जण लकुलीश म्हणतात, पाशुपत पंथाचा आचार्य. गाभाऱ्याच्या बाजूला एकीकडे शिवपार्वतीचं लग्न, पार्वती खाली मान घालून उभी, आणि दुसरीकडे अंधकासुराला भाल्यावर टोचणारा शिव, दात दिसताहेत. प्रदक्षिणा घालणारा माणूस लग्नातून वधाकडे आणि वधातून लग्नाकडे चालत राहतो. हे एका जागी उभं राहून कळायचं नाही. पायांनी कळतं.

आम्हाला सगळ्यात आवडली ती पूर्वेकडची जोडी. एका शिल्पात कैलासावर शिव आणि पार्वती निवांत बसलेले आहेत. समोरच्या शिल्पात तोच कैलास रावण खालून हलवतो आहे. रामायणाच्या उत्तरकांडातली कथा आठवा. रावण पुष्पक विमानातून निघाला आहे, कैलासापाशी विमान अडतं. नंदी सांगतो, वर शिवपार्वती आहेत, इथून पुढे जायचं नाही, परत फिर. रावणाला थांबणं मान्य नाही. तो म्हणतो, मग हा डोंगरच उपटतो. शिव पायाच्या अंगठ्यानं डोंगर दाबतो आणि रावण खाली अडकतो. आम्ही गंमतीनं मंडळींना म्हटलं, वाङ्मयात घाईचा प्रवासी पाहायचा असेल तर हा बघा: स्वतः बेटाचा राजा, वाहन सगळ्यात वेगवान, आणि वाटेत देव बसलेले आहेत म्हणून रागावलेला. (हशा) अडकल्यावर मात्र त्यानं काय केलं? स्तोत्र म्हटलं. परंपरा सांगते, पुष्कळ काळ म्हणत राहिला. घाईच्या माणसाला सक्तीचा निवांतपणा मिळाला, आणि त्यातून त्याची भक्ती निघाली.

हे लेणं कोणी कोरलं? इथे एक शिलालेख होता, तो पोर्तुगीजांनी काढून लिस्बनला पाठवला आणि तो पुढे हरवला, असं त्यांच्याच दियोगो दो कुतो या इतिहासकारानं नोंदवलं आहे. त्यामुळे नाव लिहिलेलं नाही. पण एक धागा आहे आणि तो थेट आपल्या वऱ्हाडात येतो. कलचुरी राजा कृष्णराज, सहाव्या शतकातला, कट्टर शैव. त्याची नाणी घारापुरीवर सापडली. त्याची चांदीची नाणी आपल्या अमरावती जिल्ह्यात धामोरीलाही सापडली. नाण्यावर बसलेला नंदी आणि 'परममाहेश्वर' हे बिरुद. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी कलचुरींचे सगळे लेख एकत्र करून १९५५ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांचाही कौल कलचुरींकडे आहे. कृष्णराजाचं नाणं त्याच्यामागे दीडशे वर्षं चलनात राहिलं, आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या अंजनेरी ताम्रपटात 'कृष्णराज रूपक' असं त्याचं नाव येतं. ज्या राजाचा पैसा धामोरीत खेळत होता त्याच राजाच्या काळात समुद्रातल्या खडकात हा सदाशिव कोरला गेला असेल, तर वऱ्हाडातला माणूस तिथे अगदीच परका नाही. हे आम्ही लेण्यातच सांगितलं तेव्हा आमच्या भाऊंचा चेहरा खुलला. चौदा स्थळं त्यांनी तिथेच सोडली असावीत.

आता जरा अवघड भाग. आमच्याबरोबरच्या एका वहिनींनी बाळापूरहून बेलाची पानं आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. दोन दिवस जपलेली. गाभाऱ्यात लिंग आहे, चांगलं शाबूत आहे. त्या पान वाहायला गेल्या तर रखवालदारानं हात जोडून थांबवलं. "इथं पूजा चालत नाही, आजी." वहिनी म्हणाल्या, "का जी? महादेवच हाय ना हा?" तो बिचारा काय सांगणार. नियम असा आहे की एखादं स्मारक पुरातत्त्व खात्यानं संरक्षणाखाली घेताना तिथे पूजा चालू असेल तर ती चालू राहते, नसेल तर नव्यानं सुरू करता येत नाही. कागदोपत्री घारापुरी हे स्मारक आहे, १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण जुन्या गॅझेटियरमध्ये महाशिवरात्रीला इथे लोक जमत आणि लिंगाची पूजा होई, हीही नोंद आहे. मग ते देऊळ की संग्रहालय?

तत्त्वज्ञानात या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला गेला आहे. कांट १७९० च्या ग्रंथात म्हणतो की सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो, त्या वस्तूकडून आपल्याला काही नको असतं. वहिनींना मात्र काहीतरी हवं होतं, निदान द्यायचं होतं. कांटच्या कसोटीवर त्यांचं पाहणं शुद्ध ठरत नाही. वॉल्टर बेन्यामिन यानं १९३५-३६ च्या निबंधात पूजेचं मूल्य आणि प्रदर्शनाचं मूल्य असा भेद केला. एकाच मूर्तीचं पहिलं मूल्य घटत जातं आणि दुसरं वाढत जातं, असा त्याचा रोख आहे. घारापुरीवर हे डोळ्यांनी दिसतं. पोर्तुगीज काळात पुष्कळ मूर्तींचे हातपाय तुटले. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, पण प्रदर्शनाला उत्तम चालते.

इथपर्यंत पुस्तकांनी साथ दिली. पुढचं आमचं निरीक्षण आहे, पटलं तर घ्या. आपल्याकडे देवळात आपण 'दर्शन' घेतो. दर्शन म्हणजे आपण देवाला पाहणं आणि देवानं आपल्याला पाहणं. म्हणून तर मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात, चांदीचे डोळे बसवतात. शेगावला, पंढरपूरला रांगेत आठ तास उभा राहिलेला माणूस म्हणतो, 'नजरानजर झाली.' क्षणभरात होते, पुढे सरकतो, समाधान असतं. दर्शनाला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो रांगेला. पण सदाशिवाच्या मधल्या मुखाचे डोळे मिटत आलेले आहेत. तो तुमच्याकडे पाहत नाही. तुम्ही कलेक्टर असा की हमाल, त्याला काही नाही. तेव्हा इथे नजरानजरेचा झटपट व्यवहार होऊच शकत नाही. मग काय करायचं? बसायचं. आम्ही खांबाला टेकून बसलो, दीड-दोन तास. लेणं तीन बाजूंनी उघडं आहे. सकाळी पूर्वेचा उजेड असतो, दुपारनंतर तो पश्चिमेकडून येऊ लागतो, आणि भैरवाच्या मुखावरची सावली हलते. गर्दीचा लोंढा येतो, गाइड बोलतो, लोंढा जातो, मग चार-पाच मिनिटं कोणीच नसतं. त्या चार-पाच मिनिटांसाठी अर्धा दिवस कमी पडतो. वहिनी पूर्ण वेळ तिथेच होत्या, पानं मांडीवर ठेवून. त्यांचं पाहणं कांटच्या बाजूचं होतं की भक्ताच्या, आम्हाला ठरवता येत नाही, आणि ठरवायची घाईही नाही.

पाहायला जाण्याची भीतीही असते, तीही सांगतो. मार्टिन हायडेगर आयुष्यभर ग्रीकांवर विचार करत आला, पण ग्रीस पाहायला गेला तो १९६२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, बायकोबरोबर, बोटीच्या सहलीनं. त्याआधी बेत करून मागे घेतला होता. मनात जो ग्रीस आहे तो तिथे भेटला नाही तर, ही धास्ती. ऱ्होड्स बेटाला बोट लागली तर हा खाली उतरलाच नाही, बोटीतच बसला. मग डेलॉस आलं. डेलॉस म्हणजे अपोलोचं जन्मस्थान मानलेलं छोटं बेट. इसवी सनापूर्वी ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी ठरवलं होतं की या बेटावर कोणी जन्मायचं नाही आणि कोणी मरायचं नाही, इतकं ते पवित्र. तिथे हायडेगर उतरला, चालला, आणि जे शोधत होता ते तिथे आहे असं त्याला वाटलं. त्या प्रवासाचं छोटं टिपण त्यानं लिहिलं. त्याच्या राजकारणाबद्दल आमचं मत चांगलं नाही, हे इथे मागे बोललो आहोत. पण सत्तरीतला माणूस एकाच बेटासाठी बाकीची बेटं सोडतो, हे मात्र आम्हाला समजतं.

डेलॉसवर आजही पर्यटकांना रात्री राहता येत नाही. घारापुरीवरही संध्याकाळच्या शेवटच्या लाँचनं परत फिरावं लागतं. फरक इतकाच की घारापुरीवर माणसं राहतात. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं, हजार-बाराशे वस्ती. समोर मुंबईचा झगमगाट आणि इकडे जनरेटरवर तीन-चार तास उजेड, अशी त्यांची वर्षानुवर्षं गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. जगाच्या वारशाच्या यादीत नाव १९८७ ला, घरात दिवा २०१८ ला. ज्या काकांच्या खानावळीत आम्ही दुपारी जेवलो ते म्हणाले, लोक पायऱ्या चढतात आणि उतरतात, गावाकडे कोणी वळत नाही. वळायला काही फार लागत नाही. मोराबंदरच्या बाजूला जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, त्या निमित्तानं गावातून चालणं होतं. ज्यांच्या बेटावर आपण देव पाहायला जातो त्यांच्या ओट्यावर दहा मिनिटं बसणं, हेही त्या प्रवासातच धरावं.

तिसऱ्या दिवशी गेटवेवरून मांडव्याच्या बोटीत बसलो आणि पुढे बसनं अलिबाग. इथलं बेट निराळं आहे. कुलाबा किल्ला समुद्रात आहे, पण ओहोटीला किनाऱ्यावरून चालत जाता येतं. दिवसातून दोनदा बेट होतं आणि दोनदा मोडतं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम काढलं, पुढे आंग्र्यांच्या काळात तो गाजला. आत गणपतीचं पंचायतन आहे, राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. देऊळ काही घारापुरीइतकं जुनं नाही, पण त्याचं वेळापत्रक चंद्राच्या हातात आहे, आणि हे आम्हाला फार आवडलं.

कोळी लोक भरतीचा हिशेब कसा करतात, तो आमच्या पंचांगवाल्या मंडळींनी लगेच उचलला. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती, आणि ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास. पाऊणच का? कारण भरती रोज साधारण पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, चंद्र रोज तितका उशिरा उगवतो म्हणून. हिशेब ठोकळ आहे, वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात. पण एक गोष्ट त्या गुणाकारात दिसत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं, वाळू मोकळी होते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि नीट उतरतही नाही. तेव्हा अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी आहे म्हणून चपला हातात घेऊन निघालात तर गुडघाभर पाण्यातून जावं लागेल, नाहीतर घोडागाडी करावी लागेल. आम्ही दशमीला होतो. दोन तास वाळूवर बसून पाणी हटायची वाट पाहिली. वाट पाहण्यात कोणाला कंटाळा आला नाही. लाट मागे जाताना वाळूवर खेकडे बारीक गोळ्यांची नक्षी मांडून ठेवतात, काकूंना ती रांगोळी वाटली. पाणी घोट्याइतकं झालं तेव्हा निघालो. देवळात पोचलो, बसलो, पण तिथे फार वेळ काढता येत नाही. पाणी परत येतं. पुजाऱ्याइतकाच हक्कानं समुद्र सांगतो, उठा आता.

'निवांत' या शब्दाचं नातं संस्कृत 'निवात' शी सांगतात, जिथे वारा नाही ते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागच्या दिव्याची उपमा आहे. बेटावर तर वारा थांबत नाही, टोपी डोक्यावर राहत नाही. तरी आम्ही त्या पाच दिवसांत जितके निवांत होतो तितके घरी नसतो. घरी घड्याळ आपलं असतं आणि आपण त्याला गुलामासारखे राबतो. तिथे घड्याळ दुसऱ्याचं होतं: लाँचचं, उजेडाचं, तिथीचं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की माणूस काम करतो ते मोकळा वेळ मिळावा म्हणून. मोकळ्या वेळेसाठीचा ग्रीक शब्द 'स्खोले', त्यावरूनच 'स्कूल' आला. निवृत्त शिक्षकाला ही व्युत्पत्ती सुखावते, हे उघड आहे. पण मोकळ्या वेळात काय करायचं, याचं त्याचं उत्तर होतं चिंतन, नुसतं नीट पाहणं. पेन्शनीत गेलेल्या माणसाला आज मोकळा वेळ मिळतो आणि तो चौदा स्थळांचा कागद घेऊन पुन्हा नोकरीवर रुजू होतो.

अलिबागहून दोन-तीन मैलांवर आक्षी आहे. किनारा शांत, सुरूची झाडं, आणि गावात एक शिलालेख उभा आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा तो मानतात, आणि मराठीतला सगळ्यात जुना कोरीव लेख म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तारखेबद्दल वाद आहेत, ते आज नको. झिजलेली अक्षरं बोटानं चाचपत आमचे भाऊ पंधरा मिनिटं तिथे उभे होते.

तेव्हा चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर. घारापुरीला पूर्ण एक दिवस ठेवा, सकाळच्या पहिल्या लाँचनं जा आणि शेवटच्या लाँचनं परत या. आधी पूर्वेच्या अंगणात जा, सदाशिव शेवटी. कुलाब्याला जाणार असाल तर घरूनच कालनिर्णय पाहून निघा, आणि पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे दिवस गाठा. बेल न्यायचा असेल तर न्या, वाहता येणार नाही एवढं धरून चाला. आणि महादेवाचा वार म्हणून सोमवार निवडाल, तर तसं करू नका. सोमवारी घारापुरी बंद असते.